एकटेपणाच्या तैलचित्रात माणूस हवाच कशाला?

रंकाळावाला:
हल्ली प्रदर्शनांत तैलरंगातलं एकटेपण ठरलेलंच असतं. खिडकीशी पाठमोरी बाई, पंचगंगेच्या घाटावर गुडघ्यांत डोकं घातलेला म्हातारा, खाली पट्टी 'एकांत'. हात तयार असतो, सुरकुत्या हुबेहूब. पण उदास असतं ते पात्र, चित्र नव्हे. माझं म्हणणं, माणूस काढूनच टाका. अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपरनं १९६३ मध्ये रिकाम्या खोलीतलं ऊन रंगवलं. भिंती, जमीन, खिडकीबाहेर झाडी, बस्स. डेन्मार्कच्या हामर्सहॉयनं कोपनहेगनमधल्या आपल्याच घराच्या खोल्या राखाडी रंगांत काढल्या. त्यातल्या काहींत चिटपाखरूही नाही.

चपटा ब्रश:
सोयीचा हॉपर उचललात! त्याचंच १९२७ चं 'ऑटोमॅट' घ्या. रात्री उपाहारगृहात एकटी बाई, एका हाताचा हातमोजा काढलेला, नजर कपात. मागच्या काळ्या काचेत छतावरच्या दिव्यांच्या दोन रांगा लांबवर गेलेल्या. बाई पुसली तर तो काळोख कुणाच्या मागं उभा राहणार? आणि हामर्सहॉयनं बायकोला कितीदा पाठमोरी रंगवलं, ते बरं विसरलात.

तालमीचा गडी:
माणूस काढला की राहतं ते फ्लॅट विकायचं ब्रोशर, भावा.

रंकाळावाला:
@चपटा ब्रश, 'ऑटोमॅट'मध्ये सगळं काम ती काच करते. बाईचे डोळे टोपीखाली सावलीत आहेत, चेहऱ्यावर भाव असा नाहीच. आपल्याकडं दुःख थेट भुवईत कोरतात.

मूड येतो टोनमधून, म्हणजे उजेड-अंधाराच्या छटांतून, आणि कडांमधून. तैलरंगाचा फायदाच तो. दुसऱ्या दिवशीही बऱ्यापैकी ओला असतो, पावसाळ्यात आपल्याकडं तर आणखी रेंगाळतो, म्हणून खांद्याची कड मागच्या भिंतीत हरवून टाकता येते. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर तपकिरी कमीजास्त करून थंड राखाडी, उबदार राखाडी शेजारी ठेवा. तिथंच अर्धं चित्र झालं. पण बरेच जण मोबाइलच्या फोटोवरून काढतात. मोबाइल सावलीतला तपशील गिळतो, आणि मग तीच काळी भोकं कॅनव्हासवर उतरतात.

ओला कागद:
म्हणजे कडा हरवल्याशिवाय एकटेपण येत नाही? अँड्र्यू वायथचं 'क्रिस्टिनाज वर्ल्ड' (१९४८) बघा. तैलरंग नाहीच, अंड्याच्या बलकातलं टेम्परा, भराभर वाळणारं. गवताची पात न् पात स्पष्ट. चालता न येणारी बाई माळावर, घर लांब टेकाडावर. तिथं मारतं ते अंतर.

आणि कोल्हापुरात बसून इथल्याच चित्रकार आबालाल रहिमानांचं नाव कुणीच घेत नाही, हे भारी आहे! कोटितीर्थ तळ्याकाठची त्यांची निसर्गचित्रं बघा, बरीच जलरंगातली. ना म्हातारा, ना खिडकी.

चपटा ब्रश:
आबालालांबद्दल आदर आहेच, पण ते एकटेपण आपण चित्रात पाहतो की चरित्रातून आणून चिकटवतो? मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकलेला माणूस, शाहू महाराजांचा दरबारी चित्रकार, आणि तरी कोटितीर्थाकाठी एकटा राहिला, १९३१ मध्ये गेला. एवढं डोक्यात असल्यावर पाणी उदास दिसणारच. काहीच माहीत नसलेल्या पोराला दाखवा, तो म्हणेल, सकाळ झक्कास पडलीय.

ओला कागद:
पोरगं म्हणेल तेच खरं, असं कुठं असतं?

रंकाळावाला:
चरित्र बाजूला ठेवू. साधी परीक्षा सांगतो. रंग ओला आहे तोवर टर्पेंटाइनच्या फडक्यानं तो घाटावरचा म्हातारा पुसून बघा. उरलेल्या पायऱ्या, पाणी, आभाळ तरीही गप्प करत असतील तर चित्र झालं. नसतील तर सगळा भार बिचारा म्हाताराच वाहत होता.

चपटा ब्रश:
पुसतो की. पण मग तुम्हीही त्या रिकाम्या खोलीखालची हॉपरच्या नावाची पट्टी काढा, आणि मोजा, किती जण म्हणतात भाडेकरू आजच खोली सोडून गेलाय.