मानदुखीवर सुया: गुण नेमका कशाचा?

आखडलेला मानकरी

गेली अकरा वर्षे मी पुण्यात संगणकासमोर बसून पोट भरतो आहे, आणि त्यांतली शेवटची तीन मान आणि डावा खांदा धरून काढली आहेत. गोळ्यांनी पित्त वाढले, पट्ट्याने मान अधिकच आखडली, व्यायाम पंधरा दिवस केला आणि सोडला. अखेर ॲक्युपंक्चरच्या दहा सीटिंग घेतल्या. मानेच्या कडेला, खांद्यावर आणि अंगठा व तर्जनी यांच्या बेचक्यात बारीक सुया टोचून पंचवीस मिनिटे पडून राहायचे, एवढाच तो उपचार. सहाव्या सीटिंगनंतर गाडी मागे घेताना मान वळू लागली. माझे म्हणणे असे की, ज्या दुखण्यात एमआरआयमध्ये ठळक काही सापडत नाही आणि डॉक्टर ‘बसण्याची पद्धत सुधारा’ एवढेच सांगून मोकळे होतात, त्यात आधी सुया वापरून पाहाव्यात आणि गोळ्यांकडे नंतर वळावे.

शंकेखोर

आपल्याला बरे वाटले याचा आनंद आहे, परंतु ते कशामुळे वाटले हा प्रश्न आपण वाटेतच सोडून दिलात. जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर जर्मनीत झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला ॲक्युपंक्चरच्या प्राचीन नकाशातल्या शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचल्या, दुसऱ्याला बिंदू सोडून भलतीकडेच आणि वरवर टोचल्या, तर तिसऱ्याला औषधे, फिजिओथेरपी व व्यायाम हे नेहमीचे उपचार दिले. सहा महिन्यांनी गुण आलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४७.६, ४४.२ आणि २७.४ टक्के निघाले. पहिल्या दोन आकड्यांतला फरक इतका किरकोळ आहे की, बिंदूंच्या त्या प्राचीन नकाशाला काही अर्थ उरत नाही. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २००९ साली कंबरदुखीसाठी सुचवलेले ॲक्युपंक्चर २०१६ च्या मार्गदर्शिकेत नाकारले. शिवाय मानदुखी स्वभावतःच चढते आणि उतरते. माणूस उपचाराला जातो तो ती टिपेला पोहोचल्यावर, म्हणजे त्यानंतर उतार बहुधा पडणारच.

आखडलेला मानकरी

आपणच दिलेला तिसरा आकडा पुन्हा वाचावा. नकाशा खोटा ठरला असेल, पण खोटी सुईसुद्धा नेहमीच्या उपचारांच्या पुष्कळ पुढे गेली. ज्याची कंबर दुखते त्याने ४७ आणि ४४ मधला फरक मोजत बसावे की ४४ आणि २७ मधला? त्याच ‘नाइस’ने २०२१ साली, ज्या जुनाट वेदनेमागे दुसरा आजार सापडत नाही तिच्यासाठी ॲक्युपंक्चरचा विचार करावा असे म्हटले आहे, तेही सांगायला हवे होते.

शंकेखोर

मान्य, ते सांगायला हवे होते. पण त्या तिसऱ्या गटाचीही बाजू पाहा. चाचणीतल्या रुग्णांची कंबर सरासरी आठ वर्षे दुखत होती. सुयांच्या आशेने आलेल्या अशा माणसाला जुनेच उपचार वाट्याला आले आहेत हे ठाऊक असेल, तर त्याचा हिरमोड उत्तरांत उतरतोच.

सोलापूरकर

ज्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्या जिल्ह्याचा म्हणून मला या विद्येविषयी आपुलकी आहे. मात्र ती भारतात कोटणीसांनी आणली अशी जी समजूत ऐकू येते, ती चुकीची आहे. कोटणीस शल्यविशारद होते आणि १९४२ साली चीनमध्येच वारले. त्यांच्याच पथकातले डॉ. बिजयकुमार बसू पुढे १९५०च्या दशकाच्या अखेरीस तिकडे ती शिकून आले आणि त्यांनी कोलकात्यात काम सुरू केले.

खांदेपालट

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्याकडे नकाशा न पाहता, आखडलेल्या स्नायूतली गाठ बोटाने चाचपून तिच्यात कोरडी सुई घालतात. औषध न भरताही नुसत्या सुईने वेदना कमी होते, हे कारेल लेविट या चेक डॉक्टरांनी १९७९ सालीच मांडले होते. तेव्हा सुईने काहीच होत नाही, हे मला पटत नाही. परंतु धागाकर्त्यांचा ‘आधी सुया’ हा क्रम मला त्याहून अमान्य आहे. सुई काही दिवसांची सवलत देते. त्या दिवसांत खांद्याच्या स्नायूंना ताकद आणणारे व्यायाम केले नाहीत, तर रुग्ण दोन महिन्यांत पुन्हा दारात उभा राहतो, आणि पंधरा दिवसांत व्यायाम सोडणारा तर हमखास. दुसरे असे की, खांद्याच्या त्या जागेखालीच फुप्फुसाचे टोक असते. सुई खोल गेल्यास फुप्फुसाभोवती हवा शिरू शकते. असे क्वचितच होते, पण होते. ॲक्युपंक्चरसाठी महाराष्ट्रात २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा टोचणाऱ्याची नोंदणी विचारावी आणि सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडायला लावावे.

बदलापूर जलद

मला फक्त एकच विचारायचे आहे. कामाच्या दिवशी पंचवीस मिनिटे फोनशिवाय आडवे पडणे या दहा सीटिंगआधी आपल्याला शेवटचे केव्हा जमले होते? गुण त्याचाच नसेल कशावरून?

आखडलेला मानकरी

शंका रास्त आहे, आणि तो प्रयोग मी घरी करून पाहिला आहे. पहिल्या दिवशी अकराव्या मिनिटाला कार्यालयातून फोन आला आणि मी तो उचलला. दुसऱ्या दिवशी सातव्या मिनिटाला. हातात सुई असताना मात्र तो वाजत राहतो.