[मंडळ-चर्चा] बँकरप्सीनंतर घर: आधी भाड्याचं, मग विकतचं

प्रेषक: मंडळ कार्यकारिणी

नमस्कार मंडळी,
न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीतल्या एका ताईंनी नाव न घालता हा निरोप पाठवायला सांगितलं आहे. उत्तरं इथेच द्या, म्हणजे इतरांनाही उपयोग होईल.

"माझ्या मिस्टरांचा धंदा २०२३ साली बसला. दुकानाच्या लीजवर आणि कर्जावर त्यांची वैयक्तिक हमी होती, त्यामुळे चॅप्टर सेव्हन (बँकरप्सीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, एक प्रकार) करावं लागलं. मे २०२४ मध्ये डिस्चार्ज (देण्यांतून सुटका झाल्याचा कोर्टाचा आदेश) मिळाला. आता आम्ही राहतो ते घर विकलं गेलंय, नवे मालक स्वतः राहायला येणार आहेत. जानेवारीअखेर जागा सोडायची आहे. मुलगी दहावीत आहे, तिची शाळा बदलायची नाही. दोन मोठ्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्सनी अर्ज नाकारला. चुलत दीर म्हणतात, 'माझ्या नावावर लोन काढू, राहा तुम्ही, हप्ता तुम्ही भरा.' सासूबाई पुण्याहून डाउन पेमेंटला पैसे द्यायला तयार आहेत. आम्हा दोघांची ग्रीन कार्डं आहेत. घर मिळायला सात-दहा वर्षं थांबावं लागतं का? ओळखीत हे कुणाला सांगितलेलं नाही."

---

प्रेषक: ईस्ट ब्रन्सविकहून एक सभासद

ताई,
मी बरीच वर्षं मॉर्गेज अंडररायटिंगचं, म्हणजे घरकर्जाचे अर्ज तपासायचं, काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी दिरांबद्दल. त्यांचा हेतू चांगला आहे, पण हे करू नका. मॉर्गेजच्या अर्जात "या घरात तुम्ही स्वतः राहणार का" असा थेट प्रश्न असतो. तिथे खोटं "हो" लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे, आणि त्यात ते आणि तुम्ही दोघेही अडकता. शिवाय हप्ते तुम्ही भराल आणि घर मात्र कागदोपत्री त्यांचं असेल. उद्या त्यांच्यावर कर्ज झालं किंवा त्यांचा घटस्फोट झाला, तर तुमच्या हातात काहीच नाही. त्यांनी गुंतवणूक म्हणून उघडपणे घर घेतलं आणि तुम्हाला रीतसर लीजवर दिलं, तर त्यात गैर काही नाही. पण मग तुम्ही भाडेकरू, आणि सासूबाईंचा एक पैसाही त्यात घालायचा नाही.

आता सात-दहा वर्षांचं. चॅप्टर सेव्हन फाइल केल्याच्या तारखेपासून १० वर्षं क्रेडिट रिपोर्टवर (तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर) दिसतं, हे खरं. पण रिपोर्टवर दिसणं वेगळं आणि कर्ज न मिळणं वेगळं. कर्जासाठीची मुदत डिस्चार्जच्या तारखेपासून मोजतात. एफएचए कर्जाला (फेडरल सरकारचा विमा असलेलं घरकर्ज) चॅप्टर सेव्हननंतर २ वर्षं लागतात. तुमच्या बाबतीत मे २०२६, म्हणजे अगदी जवळ. फॅनी मे (बँकांकडून घरकर्जं विकत घेणारी कंपनी) हिच्या नियमांतल्या साध्या कन्व्हेन्शनल, म्हणजे असा सरकारी विमा नसलेल्या, कर्जाला ४ वर्षं, म्हणजे मे २०२८. एफएचएला क्रेडिट स्कोअर ५८० किंवा वर असेल तर किमान साडेतीन टक्के डाउन पेमेंट पुरतं, ५०० ते ५७९ असेल तर १० टक्के. बँका स्वतःची अट याहून कडक ठेवू शकतात, म्हणून एका ठिकाणी नकार आला तरी दुसरीकडे विचारा. दिरांना सहकर्जदार केलं तरी मिस्टरांची मुदत कमी होत नाही. कर्जावर ज्यांची नावं असतात, त्या प्रत्येकाला नियम लागू होतो.

अर्जात गेल्या ७ वर्षांत बँकरप्सी झाली का, हेही विचारतात. सरळ "हो" लिहा. सोबत डिस्चार्ज ऑर्डर, मूळ पिटिशन आणि काय घडलं याचं एक पानी पत्र द्या. धंदा बसला, कर्ज फेडता आलं नाही, आता पगार नियमित आहे, एवढं पुरे. मी अशी पत्रं वाचते. त्यात कुणी माणसाची लायकी ठरवत नाही, पुन्हा तसं होण्याची शक्यता किती एवढंच पाहतात.

इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट कंपन्यांचे रिपोर्ट आजच काढा, ते दर आठवड्याला फुकट मिळतात. डिस्चार्ज झालेल्या प्रत्येक खात्यावर बाकी शून्य हवी. अनेकदा ती जुनी रक्कम थकलेली म्हणून तशीच राहते आणि नकार खरं तर त्यामुळे येतो. ऑर्डरची प्रत जोडून डिस्प्यूट करा, म्हणजे त्या कंपन्यांकडे हरकत नोंदवा; साधारण ३० दिवसांत तपास करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. "क्रेडिट दुरुस्त करून देतो" म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्या कंपन्यांकडे फिरकू नका. असे आगाऊ पैसे घेणं कायद्याने बंद आहे.

सासूबाईंचे पैसे डाउन पेमेंटला भेट म्हणून चालतात. भेटपत्र हवं, आणि त्यांच्या खात्यातून तुमच्या खात्यापर्यंतचा माग कागदावर दिसला पाहिजे. हवाला, रोख, कुणाच्या तरी मार्फत, असलं काही नको. भारतातून एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. वर्षात एक लाख डॉलरच्या वर भेट आली तर इथल्या करखात्याकडे फॉर्म ३५२० भरावा लागतो. त्यावर तुम्हाला कर नसतो, पण फॉर्म चुकला तर दंड मोठा असतो.

एक विचारायचं राहिलं. बँकरप्सी दोघांच्या नावाने केली की फक्त मिस्टरांच्या?

---

प्रेषक: आयसेलिनहून एक काका

ताई,
माझं दोन कुटुंबांचं घर आहे, खालचा मजला मी भाड्याने देतो. घरमालकाच्या बाजूने सांगतो.

मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये निर्णय संगणक करतो, तिथे तुमची बाजू ऐकायला माणूसच नसतो. खाजगी मालक बँकरप्सी पाहून नकार देऊ शकतो, त्याला कायद्याची आडकाठी नाही. सरकारी गृहसंस्थेला मात्र निव्वळ त्या कारणाने नाकारता येत नाही. पण रिपोर्ट पाहून नाकारलं असेल तर तो कोणत्या कंपनीचा, हे त्यांनी कळवलंच पाहिजे, आणि ६० दिवसांच्या आत मागितलात तर प्रत फुकट मिळते. त्या दोन्ही कॉम्प्लेक्सकडून तेवढं घ्या. बहुधा वर ईस्ट ब्रन्सविकच्या ताईंनी सांगितलेली चूक तिथेच सापडेल.

छोट्या मालकांकडे जा. अर्ज भरायच्या आधीच सांगा. मी स्वतः बघतो ते पगाराच्या स्लिपा, आधीच्या मालकाचा फोन आणि भाडं वेळेवर गेल्याचा पुरावा. डिस्चार्ज झालेला माणूस मला उलट बरा वाटतो, जुनी देणी त्याच्या पगारावर आता हक्क सांगत नाहीत. दिरांना मदत करायचीच असेल तर लीजवर गॅरंटर म्हणून सही करू द्या. ते पूर्ण कायदेशीर आहे.

घाबरून सहा-सहा महिन्यांचं डिपॉझिट कबूल करू नका. न्यू जर्सीत बहुतेक घरांना दीड महिन्याच्या भाड्याची मर्यादा आहे. आणि भाडं कधीही रोख देऊ नका. आपल्याकडे तळघरं रोखीने फार चालतात, पण पुढे मॉर्गेजच्या वेळी वर्षभराचं भाडं दाखवायला काहीच उरत नाही. चेक द्या.

---

प्रेषक: जर्सी सिटीहून एक सभासद

आमचीही गोष्ट अशीच आहे, फक्त आम्ही एच-वन-बी व्हिसावर आहोत. आम्हालाही दोन वर्षांचाच नियम का?

---

प्रेषक: ईस्ट ब्रन्सविकहून एक सभासद

नाही, आणि हे बरं विचारलंत. २५ मे २०२५ पासून ग्रीन कार्ड नसलेल्यांना एफएचए जवळजवळ बंद झालं आहे. एच-वन-बी आणि ईएडी (कामाचा परवाना) असलेल्यांचा रस्ता कन्व्हेन्शनल कर्जाचा, म्हणजे चॅप्टर सेव्हननंतर साधारण चार वर्षं. गंभीर आजारासारखं, हाताबाहेरचं कारण कागदांनी सिद्ध करता आलं तर दोन. इंटरनेटवरचे जुने लेख वाचून अर्जाची फी भरू नका.

---

प्रेषक: मंडळ कार्यकारिणी

ताईंचं उत्तर आलं आहे:

"बँकरप्सी फक्त मिस्टरांच्या नावावर आहे. माझी कुठेच सही नव्हती. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये २०२१ पासून नोकरी करते. माझा स्कोअर कधी पाहिलाच नाही. माझ्या नावावरही काही मिळणार नाही असंच आम्ही धरून चाललो होतो."

---

प्रेषक: ईस्ट ब्रन्सविकहून एक सभासद

ताई, मग तुमचं चित्रच वेगळं आहे. न्यू जर्सी हे कम्युनिटी प्रॉपर्टीचं, म्हणजे नवरा-बायकोची मिळकत आणि देणी सामाईक धरणारं, राज्य नाही. टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात एफएचएने तुमच्या उत्पन्नासमोर मिस्टरांची देणीही मोजली असती, इथे तसं होत नाही. तुमचा पगार, तुमचा स्कोअर आणि तुमचं नाव यांवर तुम्ही एकट्या कर्ज मागू शकता, आजसुद्धा. हे दिरांच्या नावावर घेण्यासारखं नाही, कारण राहणार तुम्ही आणि फेडणारही तुम्ही. कर्ज एकटीच्या नावावर असलं तरी घराच्या डीडवर (मालकीखतावर) दोघांची नावं घालता येतात.

एक मात्र तपासा, जुनं एखादं क्रेडिट कार्ड जॉइंट होतं का. मिस्टरांचा डिस्चार्ज तुम्हाला जॉइंट कर्जातून सोडवत नाही. तसं असेल तर ते तुमच्या रिपोर्टवर असेल, आणि आधी ते मिटवावं लागेल.

जानेवारीपर्यंत घाई करून घर घेऊ नका. तोवर आयसेलिनच्या काकांनी सांगितलं तसं वर्षभराचं लीज बघा. तुमचे तीन रिपोर्ट, दोन वर्षांचे डब्ल्यू-टू (पगाराचे वार्षिक दाखले) आणि शेवटच्या दोन पे-स्लिपा काढून ठेवा. कार्यकारिणीकडे माझा फोन नंबर आहे. शनिवारी सकाळी मी घरी असते, या, बसून बघू.