परात्मता मोबाईलमुळे? मग गिरणीत काय होतं?

लालबागकर: काल एकाने लिहिलंय, परात्मता, म्हणजे माणूस स्वतःच्या कामाला आणि इतर माणसांना परका होणं, हा मोबाईलचा आजार आहे, फोन ठेवा, माणसांत मिसळा. डोकंच फिरलं वाचून. मार्क्सने १८४४ मध्ये लिहिलं तेव्हा कुणाच्या हातात फोन होता? बनवलेली वस्तू तुमची नाही, कामावर ताबा तुमचा नाही, शेजारचा माणूस स्पर्धक, आणि माणूस म्हणून जगायचं ते सुट्टी झाल्यावर. माझे वडील मुंबईच्या कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, दिवसभर कापड विणायचे आणि दिवाळीला आमच्या घरी कापड यायचं ते उधारीवर. हे मोबाईलने केलं?

ओसरी: वडिलांबद्दल आदर आहे, पण सगळं मालकाच्या माथी मारलं की पुढचं दिसत नाही. १९८२ च्या गिरणी संपात अडीच लाख माणसं बाहेर पडली, त्यातल्या हजारोंना परत काम मिळालंच नाही. तुमच्या हिशोबाने जाच सुटला ना? माझे काका गावी आले आणि गिरणीच्या भोंग्याच्या वेळेला पहाटे उठून ओट्यावर नुसते बसायचे, कुणाशी बोलायचे नाहीत. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीम हेच सांगतो, बांधून ठेवणारे नियम तुटले की माणूस सुटा पडतो.

लालबागकर: जाच सुटला म्हणे! पोटावर पाय आला होता. गिरण्यांच्या जमिनी विकून टॉवर कुणी उभे केले ते पण दुर्खीमलाच विचारा.

नायगाव_बीडीडी: दोघंही कामगार कामगार करताय, कुठला कामगार? साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, आम्हा दलितांना घेतच नव्हते. धाग्याची कांडी बदलली की टोक धोट्याच्या (मागावर इकडून तिकडे धागा नेणाऱ्या लाकडी तुकड्याच्या) भोकातून तोंडाने ओढायला लागायचं, आणि आमच्या तोंडचा धागा सवर्णांना चालायचा नाही. म्हणून माझे पणजोबा जन्मभर कमी पगाराच्या खात्यात. मार्क्स म्हणतो माणूस माणसाला परका होतो, आम्ही तर गिरणीत पाय ठेवायच्या आधीच परके होतो. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लिहून ठेवलंय, जात ही नुसती श्रमाची नाही, श्रमिकांची विभागणी आहे.

लालबागकर: प्रत्येक ठिकाणी जात आणलीच पाहिजे का? विषय परात्मतेचा चाललाय.

नायगाव_बीडीडी: मग मी कशाबद्दल बोलतोय? तुमच्या वडिलांचं कापड मालकाने नेलं, माझ्या पणजोबांना त्या कापडाला हात कुणी लावू दिला नाही? शेजारच्या साचेवाल्याने.

ओसरी: हे मात्र मी मांडलेल्या चौकटीत बसत नाही, मान्य करावं लागेल. तिथे नियम तुटले नव्हते, नियमच जाच करत होते.

लालबागकर: बरं, साचेखात्याचं खरं आहे, कोण नाकारतंय. पण कामगारांत फूट मालकालाच सोयीची होती.

नायगाव_बीडीडी: सोय मालकाची असेल, बंदी कामगारांची होती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी साचेखातं आम्हाला खुलं करायची मागणी लावून धरली, तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांनी ती आढेवेढे घेत का घेतली? आधी याचं उत्तर द्या, मग मार्क्स शिकवा.