धर्माधिष्ठित, धर्मप्रेरित, सांप्रदायिक : परराष्ट्र धोरणाला नेमका शब्द कोणता?

प्रश्न : इराण, पाकिस्तान, सौदी अरेबियावरच्या मराठी लेखांत ‘धर्माधिष्ठित धोरण’, ‘धर्मप्रेरित धोरण’ आणि ‘सांप्रदायिक संघर्ष’ हे शब्दप्रयोग एकमेकांच्या जागी येतात. यांत फरक करावा का?

उत्तर : करायलाच हवा, नाहीतर वाचकाला चुकीचं कारण समजतं. अधिष्ठान म्हणजे बैठक. राज्याची घटनाच धर्मावर उभी असेल तर ते राज्य धर्माधिष्ठित. १९७९च्या क्रांतीनंतरचा इराण तसा आहे; बारा इमाम मानणारा शिया पंथ तिथे घटनेनेच राज्याचा अधिकृत धर्म आहे. ‘प्रेरित’ मात्र एखाद्या कृतीबद्दल सांगतं, की हे पाऊल कशापायी उचललं. धर्माधिष्ठित राज्याचं प्रत्येक पाऊल धर्मप्रेरित नसतं.

अझरबैजान पाहा. इराणचा शेजारी, आणि तिथेही शिया बहुसंख्य. तरी काराबाख या प्रदेशावरून अझरबैजान आणि आर्मेनिया यांच्यात झालेल्या वादात इराणने ख्रिस्ती आर्मेनियाशी संबंध जपले. तुर्कस्तान आणि अझरबैजानने सीमा बंद केल्यावर आर्मेनियाला इराणचा रस्ता मोठा आधार ठरला. इराणच्या वायव्येला अझेरी, म्हणजे अझरबैजानमधल्या बहुसंख्य वंशाच्याच लोकांची, लोकसंख्या मोठी आहे, त्यामुळे शेजारचा अझेरी राष्ट्रवाद तेहरानला नेहमीच धोक्याचा वाटत आला. उलट अझरबैजानची जवळीक सुन्नीबहुल तुर्कस्तानशी आणि शस्त्रखरेदी इस्राएलकडून. इथे ‘धर्मप्रेरित’ लिहिणं साफ चूक आहे.

प्रतिसाद : शब्दभेद पटला, पण तुम्ही धर्माचं वजन फारच कमी करताय. मोरोक्कोत रबातला भरलेल्या १९६९च्या इस्लामी देशांच्या शिखर परिषदेचं काय? भारताला निमंत्रण मिळालं होतं. पाकिस्तानचे अध्यक्ष याह्या खान अडून बसले आणि फख्रुद्दीन अली अहमद यांच्या नेतृत्वाखालच्या भारतीय शिष्टमंडळाला बाहेर राहावं लागलं. धार्मिक ओळख नसती तर तो मंचच नसता आणि ही अडवणूकही शक्य नव्हती.

उत्तर : बरोबर आहे तुमचं, आणि हे उदाहरण महत्त्वाचं आहे. धार्मिक ओळख मंच देते, मित्र जोडायला भाषा देते, देशातल्या जनतेपुढे धोरणाचं समर्थन करायला आधार देते. अशा ठिकाणी मी ‘धर्माच्या आधारे केलेली अडवणूक’ असं लिहीन. हेतू भारताशी असलेल्या वैराचा होता, साधन धर्माचं. नुसत्या सहधर्मी असण्याने शेजाऱ्यांचे वाद मिटत नाहीत. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत पाकिस्तानच्या प्रवेशाविरुद्ध मत देणारा एकमेव देश अफगाणिस्तान होता, कारण ड्युरंड रेषा, म्हणजे या दोन देशांमधली वादग्रस्त सीमा. नेपाळ घटनेने हिंदू राज्य असतानाच, १९८९ मध्ये, व्यापार-पारगमन करारांच्या वादात भारताने सीमेवरची बहुतेक नाकी बंद केली होती.

प्रतिसाद : आणि ‘सांप्रदायिक’?

उत्तर : धार्मिक वैराचा हा अर्थ हिंदीतून आला. मराठीत संप्रदाय म्हटलं की वारकरी, नाथ, महानुभाव आठवतात. शब्दाला वैराचा वास नाही. हिंदीत ज्याला सांप्रदायिक दंगा म्हणतात त्याला जुनी मराठी वर्तमानपत्रं ‘जातीय दंगल’ म्हणत. शिया-सुन्नी भेदासाठी ‘पंथीय’ हा शब्द स्वच्छ आहे. तोही जपूनच वापरावा. सौदी आणि इराण यांच्यात पंथीय भेद आहे, पण २०१६ साली तुटलेले संबंध मार्च २०२३ मध्ये बीजिंगमध्ये पुन्हा जुळले, तेव्हा दोघांचे पंथ होते तेच होते. म्हणून ‘सौदी-इराण सत्तास्पर्धा’ लिहावं, आणि पंथाचा भाग जिथे खरोखर आहे तिथे तो वेगळ्या वाक्यात सांगावा.