परदेशी पुनर्वसन रोबोटची गोव्यात चाचणी: सीई चिन्ह पुरेसे आहे का?

प्रश्न (फिजिओथेरपिस्ट, मडगाव): पक्षाघातानंतर हाताचा सराव करून घेणारा रोबोट आमच्या केंद्रात आणून त्याची चाचणी घ्यावी, असा प्रस्ताव युरोपातील एका प्रयोगशाळेने मांडला आहे. यंत्राला सीई चिन्ह, म्हणजे युरोपीय नियमांची पूर्तता दाखवणारी खूण, आहे; तेवढ्यावर काम सुरू करता येईल का?

उत्तर (उपकरण अभियंता, पणजी): नाही. सीई चिन्ह युरोपच्या बाजारपेठेसाठी असते. आपल्याकडे वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू आहेत. त्यामुळे चाचणीपुरत्या आयातीचा परवाना आणि नैतिकता समितीची मान्यता यांची व्यवस्था आधी करावी. पुनर्वसन रोबोटांच्या सुरक्षिततेसाठी आयईसी ८०६०१-२-७८ हे वेगळे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार झालेल्या तपासणीचा अहवाल मागून घ्या.

उत्तर (शल्यचिकित्सक, बांबोळी): ७ सप्टेंबर २००१ रोजी फ्रेंच शल्यचिकित्सक जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्सच्या स्त्रासबूर शहरातील रुग्णेचे पित्ताशय रोबोटद्वारे काढले, हे सर्वांना आठवते, मात्र रुग्णेच्या शेजारी शल्यचिकित्सकांचे पथक सज्ज होते, हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणून यंत्र तत्काळ थांबवण्याचा अधिकार आपल्या केंद्रातील व्यक्तीकडेच असावा, बिघाड झाल्यास सुटे भाग किती दिवसांत पोहोचतील आणि नुकसानभरपाई कोण देईल, हे करारात स्पष्ट लिहून घ्यावे. पावसाळ्यात वीज जाते, त्या क्षणी रुग्णाचा हात यंत्रात अडकलेला नसावा!

प्रश्नकर्ती: आभारी आहे. यंत्राच्या सूचना इंग्रजीत आहेत; त्या कोकणी व मराठीत करून देण्याची अटही घालते.