सड्यावरच्या पालींवर पीएचडी करतेय, फील्डवर्कसाठी ग्रँट कुठे मिळेल?

सडेफिरी:
नमस्कार मंडळी, झूऑलॉजीत एमएस्सी करून आता पीएचडीला नाव घातलंय, विषय रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कातळसड्यांवरच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवरच्या पाली. मेन प्रजाती हेमिडॅक्टायलस अल्बोफॅशिएटस, सैल दगडांखाली राहणारी एवढीशी पाल, आपल्या कोकणातल्या सड्यांवरच सापडणारी. नेट परीक्षा निघाली पण जेआरएफ (सरकारी संशोधन फेलोशिप) नाही मिळाली, त्यामुळे पेट्रोल, मॅक्रो लेन्स, जीपीएस, सोबतच्या माणसाची मजुरी सगळं घरच्यांच्या जिवावर चाललंय. इकडे सडे डोळ्यांदेखत जातायत, कुठे चिरेखाण, कुठे सुरुंग लावून बाहेरची माती टाकून हापूसची कलमं. ग्रँटचा अर्ज कधी केलेला नाही, कुठून सुरुवात करू?

जांभा_दगड:
ताई, रफर्ड (संवर्धनाच्या कामाला पैसे देणारी ब्रिटनची संस्था) च्या स्मॉल ग्रँटला नक्की अर्ज कर, नवीन माणसांसाठीच आहे ती. पण एक लक्षात ठेव, संवर्धनाला थेट उपयोग नसलेल्या निव्वळ संशोधनाला ते पैसे देत नाहीत. "पालींची संख्या आणि अधिवास यांचा अभ्यास" एवढंच लिहिलंस तर तिथेच संपलं. त्यापेक्षा असं मांड की मोकळा सडा, कलमांचा सडा आणि खाणीला लागून असलेला सडा, तिन्हीकडे ठरावीक चौकोनात सैल दगड किती उरलेत आणि त्यातल्या किती दगडांखाली पाल आहे ते मोजणार, आणि मग ही माहिती घेऊन ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे जाऊन लोक जैवविविधता नोंदवहीत (गावातल्या जीवांच्या नोंदी असतात ती) नोंद करायला लावणार, बागायतदारांशी बोलणार की निदान कडेचा पट्टा दगडांसकट सोडा. हा शेवटचा भागच तुझ्या प्रपोजलचा जीव आहे, तो दोन ओळींत उरकू नकोस. तीन रेफरी (तुझ्या कामाबद्दल शिफारस करणारे) लागतात, त्यांना आधी फोन करून सांग. बजेटमध्ये फी, कॉन्फरन्स असलं काही टाकू नकोस, मजुरी मात्र बिनधास्त टाक, गावातलाच माणूस घेणार असं लिही. जीपीएस, लेन्ससाठी आयडिया वाइल्ड नावाची संस्था बघ, ते रोख देत नाहीत, वस्तूच देतात.

वऱ्हाडी_मैना:
परदेशी पैसा घेण्याआधी विद्यापीठाच्या फायनान्सवाल्यांना एफसीआरएचं (परदेशी देणग्यांच्या कायद्याचं) विचारा हो. 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेले परदेशी पैसे दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाहीत, त्यामुळे "ओळखीच्या एनजीओच्या खात्यावर घेऊ, मग ते देतील" हा जुना मार्ग बंद झालाय. आणि रोजच्या खर्चासाठी आपल्याकडचंच बघा ना आधी, तुमच्या प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची पीएचडी फेलोशिप असते, जाहिरात कधी येते यावर डोळा ठेवा. जेआरएफचा अजून एक अटेम्प्ट द्याच, 2023 पासून महिना 37,000 झालेत, ते मिळाले की ग्रँट फक्त फील्डला वापरता येते.

सडेफिरी:
खूप खूप धन्यवाद दोघांनाही! बागायतदारांचा भाग मी लिहिलाच नव्हता, आता तिथूनच सुरू करते. परवानगीचं काय करावं? बरेच सडे खाजगी आहेत.

जांभा_दगड:
खाजगी सड्यावर मालकाला विचारून जा, सातबारावर बरीच नावं असली तरी गावात जो बघतो त्याला भेट. वनखात्याची हद्द असेल तर नुसतं बघायलाही परवानगी लागेल. पाल पकडून मोजणार किंवा शेपटीचा तुकडा डीएनएला घेणार असशील तर नागपूरला प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांच्या ऑफिसात आत्ताच अर्ज टाक, वेळ लागतो आणि पावसाळा थांबत नाही. दगड उचललास की होता तसाच, त्याच बाजूने परत ठेव, खालची ओल गेली की ती जागा पालीच्या कामाची राहत नाही. हीच पद्धत प्रपोजलमध्ये पण लिही, अर्ज तपासणारे हे वाचतात. ड्राफ्ट झाला की मेसेज कर, बजेट मी बघून देतो.