मॅड सीझनचा 'अबव्ह': जोडकाम की खरं काम?

मंद्र: अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या रॉक बँड्सची चर्चा निघाली की मॅड सीझनचं नाव हमखास शेवटी येतं, जाता जाता. हा अन्याय आहे. वेगवेगळ्या बँड्समधले लोक इथे एकत्र आले, आणि १९९५चा त्यांचा अल्बम 'अबव्ह' प्रत्येकाच्या मूळ बँडमधल्या कामाच्या तोडीचा आहे. गिटारवर पर्ल जॅमचा माइक मॅक्रेडी, गायला अ‍ॅलिस इन चेन्सचा लेन स्टेली, ड्रम्सवर स्क्रीमिंग ट्रीजचा बॅरेट मार्टिन, बेसवर जॉन बेकर सॉन्डर्स. 'वेक अप' ऐका, साडेसात मिनिटांचं आहे. बेस आणि व्हायब्राफोनवर गाणं हळूहळू उलगडतं. पर्ल जॅममध्ये सोलोवर तुटून पडणारा मॅक्रेडी इथे कितीतरी वेळ गायकाच्या आवाजासाठी जागा सोडतो. ही समज मला त्याच्या गाजलेल्या सोलोंपेक्षा मोठी वाटते.

रिफवेडा: नाही पटत. संथ वाजवलं की खोली येतेच असं नाही. शिवाय हा अल्बम सगळा शांत कुठे आहे? 'आय डोन्ट नो एनिथिंग' सरळसरळ जड रिफवर, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्यावर चालतं. शांतपणा हवा तर अ‍ॅलिस इन चेन्सचंच 'जार ऑफ फ्लाइज' घ्या. जानेवारी १९९४, सात गाणी, रेकॉर्डिंग आठवड्याभरात. बिलबोर्डच्या अल्बम यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेली ती पहिली ईपी, म्हणजे छोटा अल्बम. एकमेकांच्या सवयी मुरलेल्या लोकांनाच हे जमतं. चार दिवस एकत्र आलेल्यांचं ते काम नाही.

मंद्र: मग अ‍ॅलिस इन चेन्सचीच १९९२ची ईपी 'सॅप' आठवा! तिथे अ‍ॅन विल्सन, क्रिस कॉर्नेल, मार्क आर्म हे दुसऱ्या बँड्सचे गायक गायला आले होते. तुमच्या लाडक्या बँडची ही बाजू पाहुण्यांच्या सोबतीनेच खुलली.

रिफवेडा: 'सॅप'चा मुद्दा मान्य. पण पाहुणे आले ते घर उभं होतं म्हणून.

काठावरचा: तुम्ही दोघंही एक गोष्ट सोडताय. मॅक्रेडी आणि सॉन्डर्स भेटले ते मिनेसोटातल्या व्यसनमुक्ती केंद्रात. व्यसनापासून दूर असलेल्यांच्या संगतीत स्टेलीही सावरेल, अशी मॅक्रेडीची आशा होती. तसं झालं नाही. सॉन्डर्स १९९९मध्ये गेला, स्टेली २००२मध्ये. मला हा अल्बम निव्वळ संगीत म्हणून ऐकताच येत नाही.

रिफवेडा: ते दुःख मलाही आहे. पण त्यापायी गाण्याला चार गुण जास्त देऊ नयेत.

मंद्र: देऊच नका. फक्त 'लाँग गॉन डे' ऐका. स्क्रीमिंग ट्रीजचा गायक मार्क लॅनेगन याचा खरखरीत खर्ज, स्टेलीचा चिरत जाणारा आवाज, मध्ये स्केरिकचा सॅक्सोफोन. दोन वेगळ्या बँड्सचे गायक, आणि एकही दुसऱ्यावर चढत नाही. हे त्यांच्या आपापल्या बँडमध्ये कुठे ऐकलंत ते सांगा.